ठरवलेली कुस्ती

आमच्या घरात पुरुषांसाठी कुस्ती ही खेळायची आणि बघायची गोष्ट होती. आम्हा बायकांसाठी ती रांधायची गोष्ट होती. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, गावच्या तालमीचे वस्ताद. तालीम घराला लागूनच, मधे फक्त एक भिंत. सकाळी डोळे उघडायच्या आधी कानावर यायचे ते भिंतीपलीकडून बैठका मारणाऱ्या पोरांचे हुंकार आणि भिंतीअलीकडून बाईच्या खलबत्त्याचा ठणठणाट. बाई म्हणजे माझी आई. भिजवलेले बदाम ती एकेक करून सोलायची, सालं माझ्या पुढ्यात टाकायची, मग खसखस आणि वेलदोडा घालून ते असे कुटायची की जणू खलबत्त्याशी तिचा जुना वाद असावा. थोड्या वेळानं पोरं ओसरीवर ओळीनं येऊन बसायची, कमरेला टॉवेल, पाठीला लाल माती, आणि तांबे पुढे करायची. दारात दोन म्हशी होत्या, पण त्यांचं दूध तालमीचं. घरातल्या बायका कोरा चहा प्यायच्या आणि म्हशींचं शेण काढायच्या.

तालमीच्या उंबऱ्याच्या आत बायकांनी पाऊल टाकायचं नाही, हा आबांचा कायदा. जत्रेतल्या कुस्तीच्या मैदानावर तर आमचं नावच नको. निकाल आम्हाला कळायचा तो हलगीवरून. गावाच्या रस्त्याला हलगी कडाडत आली की बाई चुलीवर जास्तीचं आधण ठेवायची, आणि हलगी नुसतीच टकटक करत आली की हळद गरम करायला घ्यायची. माझ्या मोठ्या भावाला, सुदामला, तिनं कळत्या वयापासून हा सगळा खुराक चारला होता. तो कसा लढतो, हे मात्र तिनं एकदाही पाहिलं नव्हतं. आज माझी सून मोबाइलवर तिच्या लेकाची खोखोची मॅच बघते, ओरडते, मधेच फोनवर कोचला झापते. मला बाईची आठवण येते आणि जरा रागही येतो. कुणाचा ते नेमकं सांगता येत नाही.

मी आठवीत होते त्या वर्षी शेजारच्या गावच्या जत्रेत भाऊची कुस्ती केजकडच्या एका पैलवानाशी लागली. लई वेळ चालली आणि पंचांनी बरोबरीत सोडवली. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "नुरा हाय बे, नुरा!" आमच्याकडे आधीच निकाल ठरवून केलेल्या कुस्तीला नुरा म्हणतात, आणि पैलवानाला याहून वाईट शिवी नाही. आबांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, भाऊच्या हाताला समोरच्याचा खांदा लागला होता, डाव तयार होता, आणि भाऊनं तो टाकला नाही. त्यांनी मैदानात उतरून सगळ्यांसमोर भाऊच्या कानाखाली वाजवली. भाऊ म्हणाला, "त्याचा खांदा सांध्यातनं उतरला होता, आबा." आबा म्हणाले, "नुऱ्याच्या तोंडानं मला आबा म्हणू नको." भाऊ तिथूनच निघून गेला. घरी जत्रेच्या पुरणपोळ्या झाकून ठेवल्या होत्या, त्या दुसऱ्या दिवशी म्हशींनी खाल्ल्या. त्या दिवसापासून आबांसमोर भाऊचं नाव निघालं नाही. बाईचा खलबत्ता मात्र तालमीतल्या दुसऱ्या पोरांसाठी तसाच वाजत राहिला. मला वाटतं, तो आवाज बंद झाला असता तर ती जास्त मोकळी झाली असती.

मग दोन वर्षांनी जवळच्या कडा या बाजारगावाला एक कंपनी आली. गावोगाव फिरून फ्री स्टाईल कुस्तीचे खेळ करणारी मंडळी. तमाशाला असते तशीच कंपनी, तसाच मालक, फक्त नाचणाऱ्या बायांच्या जागी पिळदार बाप्ये. तेव्हा केबल नुकतीच आली होती, आणि साखर कारखान्याच्या वसाहतीतली पोरं टीव्हीवर विलायती कुस्त्या बघून एकमेकांना अंगणात आपटत होती. जीपला भोंगा लावून जाहिरात फिरली: रविवारी दुपारी, बाजारतळावर, महिलांसाठी बसण्याची स्वतंत्र व्यवस्था. हे शेवटचं वाक्य ऐकून आमच्या गल्लीतल्या बायकांनी अशा माना वळवल्या की जणू भोंग्यानं त्यांची नावंच घेतली होती.

शुक्रवारी मी शाळेतून येत होते तेव्हा उत्तमनं त्याची जीप माझ्याशेजारी थांबवली. उत्तम पूर्वी आमच्याच तालमीत होता, भाऊचा जिवलग. आता कडा ते आष्टी जीपमध्ये सिटा भरून वडाप करायचा.

"रंजे, इकडं ये. तुझा भाऊ भेटलता नगरच्या स्टँडवर."

माझ्या हातातलं दप्तरच गळालं.

"त्यो हाय ह्या कंपनीत. तोंडावर काळा मुखवटा आसतोय, काला बिच्छू म्हणत्यात, त्योच. बाईला घिऊन ये म्हणलाय. आन् हे बी सांग, त्यो पडणार हाय. समदं ठरल्यालं आसतंय. बाईनं भ्यायचं न्हाई."

"आन् आबाला?"

"आबाला कळलं तर आधी माझ्या जीपची काच फुटंल." एवढं बोलून त्यानं गिअर टाकला.

बाईला मी चुलीपुढे बसून सांगितलं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली, परत उलटली, आणि तिसऱ्यांदा उलटली तेव्हा ती करपली होती. "जेवतो का तिथं नीट?" हे पहिलं. मग पुढची भाकरी थापताना, "पडणार म्हंजे? कावून पडणार?"

"तसं ठरलंय म्हणं."

"दोन वर्सं न्हाई दिसलं लेकरू. आन् दिसंल तवा पडतानाच दिसंल व्हय." तिनं करपलेली भाकरी माझ्याच ताटात वाढली, यावरून ती किती हरवली होती ते समजावं. करपलेली भाकरी ती कायम स्वतःला घ्यायची.

शनिवारी आमच्या बेतावर पाणी पडलं. कारखान्यातली दोनचार वजनदार माणसं गाडी घेऊन दारात आली. खेळाला प्रमुख पाहुणे म्हणून आबांनी यावं, मुलखातले वस्ताद ते, नारळ त्यांच्याच हातून फुटावा. आबा आधी उसळले. "नुऱ्याच्या बाजारात मी नारळ फोडू?" पण लोकांनी हात जोडले, म्हाताऱ्या वस्तादाला जरा बरंही वाटलं, आणि ते हो म्हणाले. वर एक अट घातली. जिंकणाऱ्याला फेटा बांधायचा तो ते स्वतः आणतील, असल्या कंपनीच्या पातळ कापडावर त्यांचा भरवसा नाही. पेटीतून त्यांनी केशरी फेटा काढला आणि बाईला घडी करायला दिला. बाईनं ती घडी तीनदा मोडून घातली. उत्तम दिवसभर वडापच्या फेऱ्यांत होता, भाऊला निरोप द्यायला दुसरं कुणी नव्हतं. आम्हा दोघींना एकच धास्ती होती. आबांनी भाऊला तिथं ओळखलं, खरोखरच ठरवलेली कुस्ती करताना पाहिलं, तर तो जन्मात पुन्हा या घराचा उंबरा चढणार नाही.

हा खेळ म्हणजे तमाशाच, मैदान नव्हे, म्हणून आबांनी आम्हा बायकांना अडवलं नाही. रविवारी बाईनं धपाटे केले, ठेच्यासकट फडक्यात बांधले आणि पदराखाली घेतले. बाजारतळावर चार खांब रोवून, फळ्या टाकून, वर गादी आणि ताडपत्री ताणून आखाडा केला होता. माती नाही म्हणून जुनी माणसं नाकं मुरडत होती. एक आजोबा कडेच्या दोऱ्या ओढून बघत म्हणाले, "ह्याच्या आत म्हशी बांधायच्या का माणसं?" पुरुष एका बाजूला जमिनीवर आणि आम्ही बायका दुसऱ्या बाजूला खुर्च्यांवर, हे पाहून बाई अवघडून खुर्चीच्या टोकावर बसली. पुढच्या रांगेत मधोमध आबा, मांडीवर फेटा. त्यांच्या पायाशी बन्सीकाका, आमच्या मैदानातले हलगीवाले. पाहुण्यांच्या स्वागताला त्यांना बोलावलं होतं आणि ते हलगी शेकून तयार होते.

पहिल्या एकदोन जोड्या लुटुपुटीच्या झाल्या, लोक हसले. मग मालकानं माइक तोंडात घातल्यासारखा धरून हाळी दिली. आधी सोनेरी चड्डीतला 'पंजाब का शेर' आला, जो जिंतूरचा होता हे आम्हाला मागाहून कळलं. मग काला बिच्छू. पोरांनी शिव्या घातल्या, कुणी चप्पल भिरकावली. बाईनं माझं मनगट धरलं. "बारीक झालाय," ती म्हणाली. मला तर तो दाराएवढा दिसत होता. दोरीवरून पाय टाकताना त्याची नजर पुढच्या रांगेकडे गेली आणि पाय दोरीत अडकला. लोक खदखदून हसले. आम्ही दोघी हसलो नाही.

खेळ असा ठरला होता, की आधी बिच्छूनं शेरला भरपूर बडवायचं, आणि शेवटी शेरनं उठून त्याला लोळवायचं. पण समोर बसलेला बाप पाहून भाऊचं ठरवलेलं सगळं डोक्यातून गेलं. तो नंतर सांगायचा की त्याला फक्त आबांचे दोन गुडघे दिसत होते. अंग मात्र आपलं काम करत राहिलं. त्यानं शेरच्या काखेतून डोकं घातलं, त्याला आडवा खांद्यावर घेतला, तालमीत हजारदा घोटलेला कलाजंग मारला, आणि शेर सगळी पाठ टेकून फळ्यांवर असा आपटला की खालची मांजरं पळाली.

झालं. आमच्या मुलखात पाठ लागली की कुस्ती संपली. बन्सीकाकांच्या हाताला काही सांगावं लागत नाही, हलगी कडाडली. सगळा बाजारतळ उठून उभा राहिला, टोप्या उडाल्या, आणि आत्तापर्यंत ज्याला चपला मारत होते त्याच काळ्या बिच्छूला पाचसहा जणांनी आत घुसून खांद्यावर घेतलं. "चितपट! चितपट!" मालक माइकवर ओरडत होता, "खेळ चालू आहे! मायबाप, खेळ चालू आहे!" पट्ट्यापट्ट्यांचा सदरा घातलेला कंपनीचा पंच गुडघ्यावर बसून फळीवर हात आपटत होता, तर मघाच्या आजोबांनी त्याची कॉलर धरून त्याला उठवलं. "मोजत कावून बसला बे? पाठ लागल्याली दिसंना का तुला?" केबलवाली पोरं जीव तोडून सांगत होती की तीन मोजावे लागतात. पोरांचं ऐकतं कोण. शेर बिचारा उताणा पडून, आपण हरलो की नाही, असं डोळ्यांनीच मालकाला विचारत होता.

शेवटी सगळे आबांकडे वळले. "वस्ताद, निकाल द्या."

आबा वर चढले. गर्दी शांत झाली. "पाठ लागली," ते म्हणाले, "कुस्ती झाली." पुन्हा एकदा हलगी. आबांनी फेट्याची घडी मोडली. भाऊला खाली उतरवून लोकांनी त्यांच्यासमोर उभं केलं. "मुखवटा काढ," आबा म्हणाले. "झाकल्या तोंडाला फेटा बांधत न्हाईत."

बाईची नखं माझ्या मनगटात रुतली होती. भाऊ जरासा मागे सरला. मालकाचा माइक जवळच होता, म्हणून पुढचं सगळं अख्ख्या बाजारतळानं ऐकलं.

"फेटा नको. ह्यो माझा न्हाई."

"कावून?"

"ही कुस्ती ठरल्याली हाय. मी पडायचं ठरलंय. लोकांची चूक झाली."

आवाज ओळखायला बापाला किती वेळ लागतो? आबांचे हात फेट्यासकट तसेच हवेत राहिले. भाऊनं मग डोक्यामागची नाडी सोडली आणि मुखवटा काढला. तोंड घामानं थबथबलेलं, एक भुवई फुटलेली. "ही ठरवून हाय, आबा," तो म्हणाला. "जत्रंतली न्हवती."

आज पन्नाशीला टेकल्यावर कधीकधी वाटतं, माझ्या भावाच्या जागी मी असते तर गुपचूप फेटा बांधून घेतला असता. बाप स्वतःच्या हातानं बांधत होता, गाव नाचत होतं, दोन वर्षांचं सगळं एका झटक्यात फिटत होतं. तो घेतला असता तर कुणाचं काय बिघडलं असतं? पण जो माणूस खोट्या कुस्तीचा फेटा एवढ्या लोकांपुढे परत करतो, तो खऱ्या कुस्तीत लबाडी करेल, असं आबांनासुद्धा आता म्हणता येईना. मी त्यांचा चेहरा बघत होते. माझा बाप मला त्या दिवशी पहिल्यांदा म्हातारा दिसला, आणि मला त्यांची फार माया आली.

त्यांनी मालकाकडे वळून विचारलं, "काय ठरलं होतं?"

मालक चाचरत म्हणाला, "बिच्छू पडतो, वस्ताद. शेर जिंकतो."

"मग ठरलंय तसं करा." मग भाऊकडे न बघता, "सबूद दिलाय न्हवं? घाल त्ये तोंडावर." आणि लोकांना हातानंच खाली बसवून ते आपल्या जागी जाऊन बसले, फेटा मांडीवर.

अशी बाईनं आपल्या लेकाची कुस्ती पहिल्यांदा पाहिली. सगळं खोटं आहे हे तिला ठाऊक होतं, आता सगळ्या बाजारतळालाच ठाऊक होतं, तरी फळ्या दणाणल्या की ती खुर्चीतून उडायची. शेरनं भाऊला दोरीवर फेकलं तेव्हा ती उभी राहून ओरडली, "आरं हळू, मेल्या!" आणि मग लाजून खाली बसली. मागच्या बायकांनी तिला साथ दिली, नंतर नंतर तर बायकांच्या खुर्च्यांतूनच जास्त आरडाओरडा होता. शेवटी भाऊ पडला. चांगला पडला, मोठ्ठा आवाज करून. केबलवाल्या पोरांनी एक, दोन, तीन मोजलं. बाईनं तेवढा वेळ श्वास घेतला नाही. तो उठून बसला तेव्हा कुठे तिनं माझं मनगट सोडलं. आबा वर गेले आणि जिंतूरच्या त्या शेरला त्यांनी केशरी फेटा अगदी निगुतीनं, तुरा काढून बांधला. तो पोरगा त्यांच्या पाया पडला आणि उठताना रडत होता. त्याला तोवर कुणी फेटा बांधला नव्हता म्हणे.

भाऊ पुढे आणखी दोन हंगाम त्या कंपनीबरोबर फिरला, मग परत येऊन तालीम सांभाळू लागला. आता त्याचे गुडघे गेलेत. कड्याला अजून जुनी माणसं त्याला बिच्छू म्हणून हाक मारतात आणि तो ओ देतो.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. उत्तमच्या जीपमध्ये आबा पुढे बसले, आणि उत्तमनं हाक मारून भाऊला मागे आमच्या मधे बसवलं. बाईनं फडकं सोडलं आणि तो धपाटे खात राहिला. रस्ताभर ठेचा तिखट लागून भाऊ नाक ओढत होता, आणि ते ठेच्यामुळेच आहे असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो. घरी पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. आबा ओसरीवर टेकले. भाऊ अंगणातच उभा राहिला, उंबऱ्याच्या अलीकडे.

"त्या पोराचा खांदा खरंच उतरला होता?" आबांनी विचारलं.

"व्हय."

"मला सांगायचं मैदानातच."

"सांगितलतं आबा. तुमी ऐकलं न्हाई."

दारात म्हशी रवंथ करत होत्या. मग आबा आतल्या बाजूला तोंड करून बाईला म्हणाले, "आत घे त्याला. दूध दे."

बाई भाऊचा हात धरून त्याला आत घेऊन आली. त्याला पाटावर बसवलं, आणि स्वतः त्याच्याशेजारी भिंतीला टेकून बसली. तिला असं रिकाम्या हातानं बसलेलं मी क्वचितच पाहिलं असेल.

"तुमी द्या," ती म्हणाली.

मला वाटलं, आता भांडं आदळणार. आबा उठले. डोईवरची टोपी काढून खुंटीला लावली आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. चुलीकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं, उतरंडीकडे पाहिलं. एवढी वर्षं त्यांच्या तालमीला या घरातून दूध जात होतं, पण घरात दूध कुठं ठेवतात हे त्यांना माहीत नव्हतं. मी सांगायला तोंड उघडलं, तर बाईनं डोळ्यांनीच मला गप्प केलं.

ते एकेक झाकण उघडून शोधत राहिले. आणि तोवर बाई भाऊच्या शेजारी बसून राहिली.